ब्रसेल्समधली स्पर्धा कायद्याची वकिली : नव्याने येणाऱ्यांसाठी

आमच्या रावेरकडे केळी कापतात ती हिरवीच. पिकलेला घड गाडीत चढवून दिल्लीला पोचवता येत नाही, हे तिथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पुण्यात बीएसएलच्या, म्हणजे कायद्याच्या पदवीच्या, चौथ्या वर्षाला असताना ग्रंथालयात युरोपियन न्यायालयाचा १९७८ सालचा युनायटेड ब्रँड्सचा निकाल हाती लागला आणि मी एका ओळीशी थबकले. 'चिकिटा' छापाची केळी विकणाऱ्या या कंपनीने माल पिकवून विकणाऱ्या व्यापाऱ्यांवर अट घातली होती : हिरवी केळी पुढे कुणाला विकायची नाहीत. वर्गातल्या बाकीच्यांना ती मालाच्या दर्जाबद्दलची अट वाटली. मला मात्र बागेत वाढल्यामुळे लगेच उमगलं, की हिरवी विकायची नाहीत म्हणजे लांब विकायचीच नाहीत. एका देशातल्या व्यापाऱ्याने दुसऱ्या देशाच्या बाजाराकडे बघायचंच नाही. न्यायालयानेही या अटीने देशादेशांचे बाजार एकमेकांपासून तोडले जातात असंच ठरवलं होतं.

त्याच निकालात केळी ही इतर फळांपासून वेगळी बाजारपेठ का, याचीही चर्चा आहे. कंपनीचं म्हणणं, सफरचंद-द्राक्षं स्वस्त झाली की लोक केळी कमी घेतात, म्हणून सगळ्या ताज्या फळांचा बाजार एकच धरा. न्यायालयाने ते मानलं नाही. केळं मऊ, बिनबियांचं, हाताळायला सोपं, वर्षभर मिळणारं. लहान मुलं, म्हातारी माणसं, आजारी माणसं यांची गरज दुसऱ्या फळाने भागत नाही, असं म्हटलं. माझ्या आजीने हे दोन वाक्यांत सांगितलं असतं.

बाजारात कंपन्यांमधली स्पर्धा खुली राहावी म्हणून असलेला हा स्पर्धा कायदा. मी आज अकरा वर्षं ब्रसेल्समध्ये त्याचीच वकिली करते. महाराष्ट्रातल्या लॉ कॉलेजांतली मुलंमुली दर महिन्याला विचारतात, 'ताई, तिकडे यायचं तर काय करावं लागेल?' प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहिण्यापेक्षा एकदा नीट सगळं लिहून काढते.

पहिली पायरी : कामाचा आवाका कळू द्या

या कायद्याचा पाया दोन कलमांचा आहे. युरोपियन युनियनच्या कारभाराच्या करारातलं कलम १०१ कंपन्यांच्या आपसातल्या संगनमताला मनाई करतं. कलम १०२ बाजारात वर्चस्व असलेल्या कंपनीने त्या वर्चस्वाचा गैरवापर करू नये असं सांगतं. तिसरा भाग कंपन्यांच्या विलीनीकरणाचा. त्याचा आजचा नियम २००४ पासून लागू आहे. अंमलबजावणी युरोपियन कमिशनचं, म्हणजे युनियनच्या कार्यकारी यंत्रणेचं, स्पर्धा महासंचालनालय करतं. ते ब्रसेल्सच्या मादू चौकातल्या उंच इमारतीत आहे. प्रत्येक देशाचं स्वतःचं प्राधिकरणही असतं. कमिशनच्या निर्णयावर दाद मागायची तर लक्झेंबर्गला, आधी जनरल कोर्टात आणि मग कोर्ट ऑफ जस्टिसमध्ये.

दंड जगभरच्या उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. २०१६ मध्ये ट्रक बनवणाऱ्या कंपन्यांना संगनमतासाठी मिळून सुमारे २९३ कोटी युरो दंड झाला. २०१८ मध्ये अँड्रॉइड प्रकरणी गुगलला ४३४ कोटी युरो झाला आणि २०२२ मध्ये जनरल कोर्टाने तो थोडा कमी करून ४१२ कोटी ५० लाखांवर आणला. कंपन्या वकिलांवर एवढा खर्च का करतात याचं उत्तर या आकड्यांत आहे.

अलीकडे दोन नवे कायदे जोडीला आले. मोठ्या डिजिटल कंपन्यांसाठीचा डिजिटल मार्केट्स ॲक्ट, ज्याची बंधनं ७ मार्च २०२४ पासून पाळावी लागतात. आणि परदेशी सरकारी अर्थसाहाय्याबद्दलचा नियम, जो जुलै २०२३ पासून लागू झाला. भारतीय अशिलांसाठी दुसरा जास्त महत्त्वाचा आहे, त्याकडे पुढे येते.

आपल्याकडची कंपनी यात कशी सापडते? कायदा मुख्यालय कुठे आहे ते बघत नाही, युरोपच्या बाजारावर काय परिणाम होतो ते बघतो. सगळ्यात मोठं उदाहरण टाटा स्टीलचं. नेदरलँड्समधल्या आयमाउडनच्या कारखान्यासह आपला युरोपातला पोलाद व्यवसाय जर्मनीच्या थिसेनक्रुपच्या व्यवसायाशी जोडायचा बेत होता. ३० ऑक्टोबर २०१८ ला कमिशनने सखोल चौकशी सुरू केली आणि ११ जून २०१९ ला परवानगी नाकारली. मुद्दा सगळ्या पोलादाचा नव्हताच. मोटारींच्या पत्र्याला लागणारं जस्ताचा थर दिलेलं पोलाद आणि डबाबंद खाण्याच्या डब्यांना लागणारं पॅकेजिंगचं पोलाद, एवढ्या दोन ठिकाणी ग्राहकांना पर्याय फार कमी उरतील, हे कारण. थिसेनक्रुप कोर्टात गेली. २०२२ मध्ये जनरल कोर्टात हरली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये वरच्या कोर्टातही. या कामात शिरायचं असेल तर हे प्रकरण आधी वाचा. एवढा मोठा सौदा खाण्याच्या डब्याच्या पत्र्यावर कसा अडला, हे समजलं की या वकिलीचा अर्धा स्वभाव कळतो.

दुसरी पायरी : सनदेचा प्रश्न सगळ्यात आधी सोडवा

इथे सगळ्यात जास्त नवखे अडखळतात, आणि कॉलेजात हे कुणी सांगत नाही. म्हणून जरा थांबून सांगते.

वकील आणि अशील यांच्यातला सल्ला गोपनीय असतो, तपास यंत्रणेने तो वाचायचा नाही, हे आपण गृहीत धरतो. कमिशनच्या तपासात हे संरक्षण दोन अटींवर मिळतं. १९८२ च्या एएम अँड एस प्रकरणात न्यायालयाने त्या घातल्या : पत्रव्यवहार बचावाच्या हक्कासाठी झालेला हवा, आणि वकील स्वतंत्र असून सदस्य देशात वकिली करण्यास पात्र हवा. २००३ च्या फेब्रुवारीत कमिशनच्या अधिकाऱ्यांनी मँचेस्टरजवळ ॲक्झो नोबेल आणि ॲक्क्रॉस या कंपन्यांच्या कचेरीत तपासणी केली. तिथे सापडलेल्या कागदांत एका व्यवस्थापकाचे कंपनीच्याच नोकरीतल्या वकिलाशी झालेले दोन ई-मेल होते. तो वकील नेदरलँड्सच्या बारचा सदस्य होता. प्रकरण वरपर्यंत गेलं आणि १४ सप्टेंबर २०१० ला न्यायालयाने सांगितलं, की पगारी वकील मालकापासून पुरेसा स्वतंत्र नसतो, त्याच्या सल्ल्याला हे संरक्षण नाही.

आता हे आपल्याला लावून बघा. तुमच्याकडे महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची सनद आहे. तुम्ही मुंबईहून अशिलाला चार पानी मत पाठवलंत : 'प्रतिस्पर्ध्याबरोबरच्या या बैठका धोक्याच्या आहेत, यामुळे, यामुळे आणि यामुळे.' उद्या कमिशनचे अधिकारी त्यांच्या फ्रँकफर्टच्या कचेरीत आले, तर तेच मत पुरावा म्हणून उचलू शकतात. तुम्ही मनापासून दिलेला सावधगिरीचा सल्लाच 'यांना सगळं माहीत होतं' याचा दाखला ठरतो. नोकरीतल्या पहिल्या महिन्यात मला एका वरिष्ठ बाईंनी हे समजावलं, तेव्हा आधी पाठवलेले दोन मेल आठवून माझ्या पोटात गोळा आला होता. लक्झेंबर्गच्या कोर्टात उभं राहायचं तरी युरोपियन युनियन किंवा युरोपियन आर्थिक क्षेत्रातल्या देशाचीच सनद लागते.

मग वाटा कोणत्या? एखाद्या सदस्य देशात कायद्याचं पूर्ण शिक्षण घेऊन तिथली सनद मिळवायची, ही सगळ्यात लांब पण पक्की वाट. इंग्लंडची सॉलिसिटर परीक्षा भारतीय वकिलांना खुली आहे. तिथे आधीच सनदधारक असलेल्याला दोन वर्षांच्या कामाच्या अनुभवाची अट लागत नाही. पण ३१ डिसेंबर २०२० ला ब्रेक्झिटचा संक्रमणकाळ संपला आणि इंग्लंडची सनद एकटी या कामाला अपुरी झाली. त्यामुळे हजारो इंग्लिश सॉलिसिटरांनी आयर्लंडमध्ये नाव नोंदवलं. तो दरवाजा पूर्वीइतका सताड उघडा नाही. तिथल्या लॉ सोसायटीचे सध्याचे नियम स्वतः वाचा, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

ब्रसेल्सच्या बारमध्ये बिगरयुरोपियन वकिलांसाठी वेगळी यादी आहे. तिच्यावर नाव आलं की तुम्ही परदेशी वकील म्हणून काम करू शकता. पण ती सदस्य देशाची पूर्ण सनद नव्हे; तिच्या भरवशावर अशिलाला संवेदनशील पत्र लिहू नका. माझी पहिली पाच वर्षं अशीच गेली : मसुदा माझा, सही युरोपियन सनदेच्या सहकाऱ्याची. त्यात कमीपणा काही नाही, अशिलाचं रक्षण होतं हे महत्त्वाचं.

आणखी एक, जे करारावर सही करण्याआधी विचारायलाच हवं. बेल्जियमच्या फर्ममधले बहुतेक वकील पगारी नोकर नसतात, स्वयंरोजगारी असतात. युरोपियन युनियनबाहेरच्या माणसाला स्वयंरोजगारासाठी 'प्रोफेशनल कार्ड' नावाचा वेगळा परवाना लागतो. नोकरीचा कामपरवाना निराळा. 'मला घेताय ते नोकर म्हणून की स्वयंरोजगारी म्हणून, आणि परवान्याचा अर्ज कोण करणार?' हा प्रश्न मुलाखतीतच विचारा. यावर कुणी नाराज होत नाही.

तिसरी पायरी : शिक्षण आणि भाषा

बहुतेकांना युरोपातली मास्टर्स लागतेच. ब्रूजचं कॉलेज ऑफ युरोप १९४९ पासून आहे आणि ब्रसेल्सच्या कचेऱ्यांत तिथले माजी विद्यार्थी पदोपदी भेटतात. लायडन, मास्त्रिख्त, ल्यूव्हन, लंडनचं किंग्ज कॉलेज, सगळी चांगली. ज्यांना आकड्यांची भीती नाही त्यांनी कायदा आणि अर्थशास्त्राच्या संयुक्त युरोपियन मास्टर्सकडेही बघावं. तिच्या भागीदार संस्थांत गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थाही राहिली आहे. माझं प्रामाणिक मत : विद्यापीठाच्या नावापेक्षा अर्थशास्त्राचा एक पेपर नीट करणं जास्त कामाला येतं. सीमांत खर्च (एक नग जास्त बनवायला येणारा खर्च) म्हणजे काय हे अडखळत सांगणाऱ्या वकिलाला अर्थतज्ज्ञांच्या बैठकीत बाजूलाच बसावं लागतं.

भाषा : काम मुख्यतः इंग्रजीत चालतं. लक्झेंबर्गच्या न्यायाधीशांची आपसातली कामाची भाषा मात्र फ्रेंच आहे, आणि ब्रसेल्समध्ये घर, बँक, नगरपालिका सगळीकडे फ्रेंच लागते. निदान वाचता येण्याइतकी फ्रेंच शिकून या. जर्मन येत असेल तर सोन्याहून पिवळं, कारण चाकण-पिंपरीच्या वाहनउद्योगाशी जोडलेले कितीतरी व्यवहार जर्मन कंपन्यांबरोबरचे असतात.

चौथी पायरी : निकाल कसे वाचावेत

कमिशनचे निर्णय आणि न्यायालयाचे निकाल फुकट वाचायला मिळतात. नवे लोक थेट निष्कर्षाकडे उडी मारतात. तसं करू नका. विलीनीकरणाचा एखादा साधा, मंजूर झालेला निर्णय घ्या, तुम्हाला माहीत असलेल्या धंद्यातला. आईवडिलांचं मेडिकल दुकान असेल तर औषधांचा, मामा ऊसवाला असेल तर साखरेचा. त्यात बाजारपेठेची व्याख्या, म्हणजे कुठले माल एकमेकांची जागा घेऊ शकतात हे, कुठे ठरवलं आहे ते शोधा. गिऱ्हाइकांनी काय सांगितलं, प्रतिस्पर्ध्यांनी काय सांगितलं हे वेगळं काढा. बाजारहिस्से चौकटी कंसात '३०-४० टक्के' असे ढोबळ दिलेले दिसतील. खरा आकडा धंद्याचं गुपित म्हणून झाकलेला असतो. हे कंस ठरवायचं कामही पुढे तुमच्याच वाट्याला येणार आहे : कुठला आकडा लपवायचा, का लपवायचा, याचं एकेक कारण लिहून द्यावं लागतं.

मग स्वतःला विचारा : किंमत पाच-दहा टक्के वाढली आणि वाढलेलीच राहिली, तर गिऱ्हाईक कशाकडे वळेल? हापूस महागला तर पुण्याचं घर पायरी घेईल, केसर घेईल, की एक पेटी कमी घेईल? आमरसासाठी घेणाऱ्याचं उत्तर एक आणि परदेशात पाठवणाऱ्याचं दुसरं. तर्क जमू लागला की पोलाद, औषधं, विमा, कुठलाही माल चालतो.

पाचवी पायरी : पहिली संधी

कमिशनची पाच महिन्यांची 'ब्लू बुक' नावाची उमेदवारी (इंटर्नशिप) वर्षातून दोनदा, १ मार्च आणि १ ऑक्टोबरला सुरू होते. युरोपियन युनियनबाहेरच्यांसाठीही थोड्या जागा असतात. स्पर्धा महासंचालनालयात जागा मिळाली तर तपास टेबलाच्या पलीकडून कसा दिसतो ते कळतं, आणि ते पुढे जन्मभर पुरतं. दुसरी वाट फर्ममधल्या प्रशिक्षणार्थी जागेची. अर्ज सहा-आठ महिने आधी करावे लागतात.

तिसरी वाट मला स्वतःला फार शहाणपणाची वाटते : आधी भारतात दोन-तीन वर्षं भारतीय स्पर्धा आयोगापुढचं काम करायचं. २००२ च्या आपल्या कायद्याची बांधणी बरीचशी युरोपच्या धर्तीची आहे. २०२३ च्या दुरुस्तीनंतर विलीनीकरणाच्या मंजुरीची मुदत २१० दिवसांवरून १५० वर आली, आणि १० सप्टेंबर २०२४ पासून २,००० कोटी रुपयांवरचे सौदे केवळ किमतीमुळेही आयोगापुढे येऊ शकतात. मुंबई-दिल्लीत हे काम केलेला माणूस ब्रसेल्सच्या फर्मला पहिल्या दिवसापासून उपयोगी पडतो, कारण एकच सौदा दोन्हीकडे चाललेला असतो.

अर्जात 'मला स्पर्धा कायद्याची आवड आहे' असं लिहू नका, सगळेच लिहितात. एखाद्या ताज्या निकालातला तुम्हाला न पटलेला मुद्दा चार ओळींत मांडा.

सहावी पायरी : पहिल्या वर्षाचं खरं काम

कोर्टातले युक्तिवाद डोळ्यांसमोर आणून याल तर आधीच सांगते, पहिलं वर्ष तक्त्यांत जातं.

पुण्याजवळची सुटे भाग बनवणारी एक कंपनी जर्मनीतली कंपनी विकत घेते आहे असं समजा. पहिला प्रश्न : परवानगी कुठे कुठे लागेल? कमिशनकडे जायचं तर मुख्य कसोटी अशी : दोघांची मिळून जगभरची उलाढाल ५०० कोटी युरोंच्या वर, आणि निदान दोन कंपन्यांची युरोपियन युनियनमधली प्रत्येकी २५ कोटी युरोंच्या वर. त्या प्रत्येकीची युरोपातली दोनतृतीयांशांहून जास्त उलाढाल एकाच देशात असेल तर प्रकरण कमिशनकडे जात नाही. याला जोड म्हणून खालच्या आकड्यांची दुसरी, जास्त गुंतागुंतीची कसोटीही आहे. कुठलीच लागू झाली नाही तर जर्मनी, ऑस्ट्रिया, पोलंड असं देशागणिक बघत जायचं, आणि भारत, तुर्कस्तान, ब्राझील वेगळे.

ऐकायला सोपं वाटतं. पण 'उलाढाल' कुणाची? फक्त खरेदीदार कंपनीची नव्हे, तिच्या मागच्या सगळ्या समूहाची. भारतीय कुटुंबाच्या समूहात कोण कुणावर नियंत्रण ठेवतं हे कागदावर एक असतं आणि घरात दुसरं. थोरल्या भावाची साखर, धाकट्याची वित्त कंपनी, काकूंच्या नावावरचा ट्रस्ट, या सगळ्यांच्या समभागांचा आणि मतहक्कांचा तक्ता मला एकदा रात्री अडीच वाजेपर्यंत चालू असलेल्या कॉलवर बनवावा लागला. कंपनी सेक्रेटरी इतके कंटाळले होते, की शेवटी म्हणाले, 'मॅडम, सगळे एकाच टेबलावर जेवतात, एवढं लिहा.' तेवढ्याने भागत नाही. पण कुठे खणायचं ते मला त्या वाक्यानेच कळलं.

अर्ज भरण्याआधी कमिशनशी अनौपचारिक चर्चा होते, तीच कधीकधी काही महिने चालते. अर्ज पूर्ण मानला गेला की घड्याळ सुरू : पहिल्या टप्प्याला कामाचे २५ दिवस, कंपन्यांनी स्पर्धा टिकवण्याचे उपाय सुचवले तर ३५. शंका राहिली तर दुसरा टप्पा, कामाचे ९० दिवस, तो वाढून १२५ पर्यंत जाऊ शकतो. कंपनीच्या संचालकांसमोर मांडलेली सादरीकरणंही मागितली जातात. त्यात कुणी उत्साहाने 'या खरेदीनंतर भाव आपल्या हातात' असं लिहून ठेवलेलं असतं, आणि ती स्लाइड सापडणं हे तुमचं काम. कमिशनच्या आधी तुम्हाला सापडली पाहिजे.

परवानगीआधी सौदा अमलात आणायचा नाही. नेदरलँड्समध्ये नोंदलेल्या अल्टीसला पोर्तुगालच्या दूरसंचार कंपनीच्या खरेदीत ही घाई भोवली. २०१८ मध्ये १२ कोटी ४५ लाख युरोंचा दंड झाला, जो पुढे कोर्टात काहीसा कमी झाला.

आणि सरकारी साहाय्याचा नियम. जिचा ताबा घ्यायचा ती युरोपातली कंपनी किमान ५० कोटी युरो उलाढालीची असेल, आणि दोन्ही बाजूंना मिळून गेल्या तीन वर्षांत युरोपबाहेरच्या सरकारांकडून ५ कोटी युरोंहून जास्त 'आर्थिक योगदान' मिळालं असेल, तर वेगळी सूचना द्यावी लागते. योगदानाचा अर्थ फार व्यापक आहे. कारखान्यासाठी मिळालेली सवलत, करमाफी, सरकारी कंपनीला विकलेला माल, हे सगळं त्यात येऊ शकतं. सरकारकडून काही मिळालं का, असं विचारलं की आपल्या अशिलांचं पहिलं उत्तर 'काहीच नाही' असं असतं. महामंडळाच्या भूखंडापासून वीजबिलातल्या सवलतीपर्यंत एकेक बाब नाव घेऊन विचारावी लागते.

सातवी पायरी : छाप्याच्या दिवसाची तयारी

सकाळी नऊच्या सुमारास कमिशनचे अधिकारी अशिलाच्या कचेरीच्या दारात उभे राहतात. त्यांना थांबवायचं नाही, भांडायचं नाही. त्यांचा आदेश वाचायचा : विषय काय, कुठल्या मालाबद्दल, कुठल्या काळाबद्दल. बाहेरच्या वकिलाला फोन करायचा. अधिकारी सहसा थोडा वेळ थांबतात, पण थांबलंच पाहिजे असं नाही. वस्तुस्थितीबद्दलच्या प्रश्नांना उत्तर द्यायचं, गुन्ह्याची कबुली मात्र द्यावी लागत नाही. त्यांनी उचललेल्या प्रत्येक कागदाची आपल्याकडे प्रत ठेवायची. संरक्षित सल्ल्याचं पत्र असेल तर ते तिथल्या तिथे बोलून दाखवायचं. वाद झाला तर ते बंद पाकिटात जातं.

दोन गोष्टी प्रत्येक अशिलाला मी न चुकता सांगते. जर्मनीच्या ई.ऑन कंपनीच्या म्युनिकमधल्या कचेरीत २००६ मध्ये अधिकाऱ्यांनी रात्रीपुरतं एका खोलीला सील लावलं. सकाळी ते तुटल्याची खूण उमटलेली दिसली. कंपनीने साफसफाईच्या द्रवापासून अनेक कारणं पुढे केली. त्या एका चिकटपट्टीबद्दल ३ कोटी ८० लाख युरो दंड झाला आणि तो वरच्या कोर्टातही टिकला. दुसरी ताजी : सुगंधी द्रव्यांच्या आयएफएफ कंपनीतल्या एका वरिष्ठ कर्मचाऱ्याने मार्च २०२३ च्या तपासणीत प्रतिस्पर्ध्याशी झालेले व्हॉट्सॲप संदेश पुसले. जून २०२४ मध्ये १ कोटी ५९ लाख युरो दंड झाला, तोही कंपनीने सहकार्य केल्यामुळे निम्मा करून.

आठवी पायरी : आपल्या माणसांशी बोलणं

मुंबई-पुण्याच्या अशिलांना मराठी बोलणारा वकील मिळाला की ते मोकळं बोलतात, आणि यात तुमचं खरं मोल आहे. फॉर्मच्या प्रश्नांतून जे निघत नाही ते 'काय हो काका, संघटनेच्या मीटिंगनंतर जेवायला कोणकोण असतं?' यातून निघतं. भावाची चर्चा सभागृहात होत नाही, जेवणाच्या टेबलावर होते. 'आमच्या लाइनीत सगळे एकमेकांना ओळखतात, फोन तर होणारच,' हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल. त्या माणसाला लाजवायचं नाही. शांतपणे सांगायचं, की युरोपात प्रतिस्पर्ध्याकडून पुढच्या दराची नुसती माहिती ऐकून घेणंही अंगाशी येऊ शकतं. विषय निघाला तर मोठ्याने आक्षेप घ्या, उठून बाहेर पडा आणि बाहेर पडल्याची नोंद ठेवा. संगनमत आधीच झालेलं असेल तर कमिशनकडे सगळ्यांत आधी जाऊन पुरावा देणाऱ्याला पूर्ण दंडमाफी मिळू शकते. दुसऱ्याला ती नाही. म्हणून असा फोन आला की 'सोमवारी बघू' म्हणायचं नाही.

औषध कंपन्यांसाठी सर्व्हिये या फ्रेंच औषध कंपनीचं प्रकरण पाठ असू द्या. पेरिंडोप्रिल या रक्तदाबाच्या औषधाच्या पेटंटवरून सर्व्हिये आणि जेनेरिक कंपन्या यांच्यात वाद होते, ते सर्व्हियेने पैसे देऊन मिटवले. जेनेरिक औषध बाजारात येणं लांबलं. २०१४ मध्ये कमिशनने सर्व्हियेला सुमारे ३३ कोटी युरो दंड केला, आणि मुंबईच्या लुपिनला ४ कोटी, मुंबईच्याच युनिकेमला तिच्या ब्रिटिश उपकंपनीच्या व्यवहारापायी सुमारे १ कोटी ४० लाख. वरच्या कोर्टाचे निकाल यायला जून २०२४ उजाडला. उपकंपनीच्या पूर्ण मालकीमुळे मूळ कंपनीही जबाबदार धरली जाते, हे अशिलांना सगळ्यात जड जातं. 'ते युनिट तर वेगळं आहे, तिथला एमडी गोरा आहे,' असं म्हणतात. कायदा त्यांना एकच उद्योग मानतो.

बोलणं मराठीत झालं तरी बैठकीनंतर इंग्रजीत टिपण करा, त्याच दिवशी : कोण होतं, काय सांगितलं, काय सल्ला दिला. टिपण युरोपियन सनदेच्या सहकाऱ्याच्या नावाने फाइलला लावा. आणि अशिलाला सांगून ठेवा, की तुमचा सल्ला कंपनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर स्वतःच्या शब्दांत पुढे पाठवू नका. मूळ पत्र जसंच्या तसं, आणि ज्यांना गरज आहे तेवढ्यांनाच.